एकोणीस मिनिटांचा बहिरेपणा

१

शनिवारी दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी एक शिंपी आपल्या दुकानात, शिलाई मशीनवरच कोसळला. त्याच्या बायकोने रुग्णवाहिका केंद्राला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. केंद्रातून दुकानापर्यंत गाडीला चार मिनिटं लागतात. पण बारा पाचपासून बारा चोवीसपर्यंत, म्हणजे एकोणीस मिनिटं, त्या केंद्रात कोणाचाही फोन लागला नाही. गाडी पोचली तेव्हा शिंपी गेलेला होता.

मंगळवारी सकाळी मला चौकशीला बोलावलं तेव्हा गुन्हेगार ठरूनसुद्धा गेला होता. चौकशी समितीचं पत्र टाइप होऊन तयार होतं, फक्त सह्या व्हायच्या होत्या. संध्याकाळी पाचला बैठक. सकाळपाळीच्या प्रमुख बाईला नोकरीवरून काढायचं आणि प्रकरण पोलिसांकडे द्यायचं. मधल्या आठ तासांत मी "एक नजर टाकायची" होती.

यंत्रं बंद पडून माणसांचं काही वाईट झालं की कारण शोधायला मला बोलावतात. मी स्वभावानेच संशयी आहे. घरातली साखर लवकर संपली तर मी आधी नवऱ्याकडे बघते आणि मग डब्याकडे. पण ज्या चौकशीत उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो, तिच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय असतो.

२

केंद्राच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागदाचा एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"तीन आठवड्यांत तीन वेळा फोनयंत्रणा बंद पडली," ते म्हणाले. "पहिल्यांदा पाच मिनिटं, दुसऱ्यांदा सात, आणि शनिवारी एकोणीस. तिन्ही वेळा सकाळपाळी. तिन्ही वेळा ड्युटीवर ताई."

"ताई म्हणजे?"

"सकाळपाळीची प्रमुख. सगळे ताईच म्हणतात. फोन घेणाऱ्या तिघीजणी असतात, पण सर्व्हरला हात लावायची परवानगी फक्त पाळीप्रमुखाला."

"आणि तिने हे कशासाठी करावं?"

"दोन महिन्यांपूर्वी तिने दुपारची पाळी मागितली होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात म्हणे. मी नाही म्हटलं. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते." त्यांनी आवाज खाली आणला. "आता हे बघा. लॉग."

लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. प्रोग्राम काय करतो ते क्षणाक्षणाला तिच्यात लिहितो. शनिवारचा लॉग बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत व्यवस्थित होता. पुढची ओळ थेट बारा चोवीसची: ताईंनी सर्व्हरवर लॉगिन केलं, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. मधल्या एकोणीस मिनिटांत एक अक्षर नाही. आधीच्या दोन्ही वेळीही तसंच.

"पुसलंय," साहेब म्हणाले. "काय केलं ते कळू नये म्हणून."

साहेबांच्या शेजारी कोट घातलेला एक गृहस्थ बसला होता. बाहेर चांगलं उकडत होतं, तरी कोट. फोनचा प्रोग्राम त्याच्या कंपनीने लिहिलेला. सगळे त्याला कोटवाले म्हणत, आणि तोही बहुधा त्यासाठीच कोट घालत असावा.

"मॅडम, नऊ वर्षं आमचा प्रोग्राम एकदाही अडखळला नाही," तो म्हणाला. "इथले सर्व्हर सांभाळणारे गुरुजी तीन आठवडे रजेवर गेले, मुलीच्या बाळंतपणाला. नेमके तेवढेच तीन आठवडे गोंधळ. गुरुजी काल आले, आणि कालपासून सगळं सुरळीत. याचा अर्थ काय होतो?"

"तुम्हीच सांगा."

"डोळा ठेवणारं माणूस नव्हतं, म्हणून बाईंनी डाव साधला."

मांडणी झकास होती. इतकी झकास, की कुठेतरी पाणी मुरतंय असं मला तेव्हाच वाटलं. पण खरं सांगायचं तर ताईंना भेटेपर्यंत माझाही संशय त्यांच्यावरच होता, आणि भेटल्यावर तो आणखी वाढला.

३

ताई पंचेचाळिशीच्या असाव्यात. रडून डोळे सुजलेली बाई मला अपेक्षित होती. समोर बसलेली बाई इतकी शांत होती की मला ते आवडलं नाही. पाठ केलेलं बोलणारी माणसं अशी शांत असतात.

"तुम्ही लॉग पुसलात?"

"नाही."

"मग तो कोरा कसा?"

"मला माहीत नाही. मी फोनवर बसून बसून या खुर्चीपर्यंत आले, मॅडम. मला यंत्रातलं एवढंच येतं: एक स्क्रीन, त्यावर 'पुन्हा सुरू करा' असं बटण. नियमपुस्तकात पान बावीसवर लिहिलंय, यंत्रणा अडली तर पाळीप्रमुखाने हे बटण दाबावं. पहिल्यांदा दाबलं, सुरू झालं. दुसऱ्यांदा दाबलं, सुरू झालं."

"आणि शनिवारी एकोणीस मिनिटं का लागली?"

त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. साहेबांचं पत्र होतं, दुसऱ्या वेळेनंतरचं. यापुढे कंपनीच्या परवानगीशिवाय सर्व्हरला हात लावल्यास कडक कारवाई होईल.

"बारा सहाला आम्हाला कळलं की फोन येणं थांबलंय. मी लगेच कोटवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, हात लावू नका, आम्ही इथून बघतो. मी थांबले. पुन्हा केला. म्हणाले, बघतोय. बटण माझ्यासमोर होतं. दाबलं की सुरू होणार हे मला दोनदा दिसलं होतं. तरी मी थांबले." त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. "शेवटी बारा चोवीसला विचारल्याशिवायच दाबलं."

"हे समितीला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही. त्यांना लॉगचंच पडलंय."

ती शांतता पाठ केलेली नव्हती हे माझ्या लक्षात आलं. ज्या बाईने स्वतःला आधीच शिक्षा सुनावली आहे ती कशाला आरडाओरडा करेल. तरीही नुसत्या कणवेवर मी कोणाला सोडत नाही. मी विचारलं, "या तीन आठवड्यांत तुमच्या हाताखाली कुठली गोष्ट कागदावर लिहिली गेली? यंत्रात नाही, कागदावर."

"जोडणीवही आहे ना," त्या म्हणाल्या.

४

केंद्रात आलेले सगळे फोन तिथेच संपत नाहीत. माणूस अत्यवस्थ असेल तर फोन घेणारी तो कॉल रुग्णालयातल्या डॉक्टरकडे जोडून देते, म्हणजे गाडी पोचेपर्यंत डॉक्टर घरच्यांना काय करायचं ते सांगत राहतो. असा प्रत्येक जोडलेला कॉल तिन्ही पाळ्यांतल्या बायका एका जाड वहीत हाताने लिहितात. यंत्र आल्यावर ही वही बंद करायची होती, पण बायकांनी ती सोडली नाही. साहेब या वहीला हसत असत.

मी वही घेऊन एका रिकाम्या खोलीत बसले आणि पेन्सिलने मोजायला लागले. सुरुवात कुठून करायची ते सोपं होतं. गुरुजी रजेवर गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, वीजदुरुस्तीसाठी सर्व्हर बंद केला होता आणि बाराच्या सुमारास तो परत चालू झाला. तिथून पहिल्या बिघाडापर्यंत जोडलेले कॉल: एक हजार एक. बटण दाबल्यापासून दुसऱ्या बिघाडापर्यंत: नऊशे अठ्ठ्याण्णव. तिथून शनिवारपर्यंत: एक हजार दोन.

मी पेन्सिल खाली ठेवली. तीन वेगवेगळे दिवस, वेगवेगळे वार, आणि दरवेळी सुमारे हजार जोडण्या झाल्या की यंत्रणा बहिरी. सूड घेणारं माणूस राग आला की घेईल, संधी मिळाली की घेईल. हजार आकडे मोजत कोणी बसत नाही.

सकाळपाळीचं कोडंही तिथेच सुटलं. दिवसाला साधारण एकशे सत्तर जोडण्या, म्हणजे हजार व्हायला जवळजवळ पूर्ण सहा दिवस. वीजदुरुस्तीनंतर सर्व्हर चालू झाला तो सकाळपाळीत. म्हणून सहा दिवसांनी तो अडला तोही सकाळपाळीत. ताईंनी तेव्हाच बटण दाबलं, म्हणून पुढचा बिघाडही त्याच पाळीत. सकाळपाळीतल्या कोणी काही करायची गरजच नव्हती.

आणि हजाराच्या आसपासचा आकडा म्हटल्यावर माझ्या धंद्यातल्या कोणालाही एकच संख्या आठवते: एक हजार चोवीस.

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे सर्व्हरचा कारभार हाकणारी यंत्रणा, प्रत्येक प्रोग्रामला काही मर्यादा घालून देते. मेमरी किती वापरायची, एकावेळी फाइली किती उघड्या ठेवायच्या. वाचनालय नाही का एका सभासदाला एकावेळी चारच पुस्तकं देत, तसं. एखाद्या प्रोग्रामचं डोकं फिरलं तर त्याने बाकीच्यांच्या तोंडचं पळवू नये म्हणून. तुम्ही स्वतः काही सांगितलं नाही तर उघड्या फाइलींची ही मर्यादा बहुतेक वेळा एक हजार चोवीस असते. या प्रोग्रामच्या स्वतःच्या कायम उघड्या अशा एकवीस फाइली होत्या. प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग ही आणखी एक फाइल. समजा, कॉल पुढे जोडून दिल्यावर ती फाइल बंद करायचं प्रोग्राम विसरत असेल, तर हजार जोडण्यांनंतर त्याचं खातं भरणार. मग नवा फोन घ्यायलासुद्धा जागा नाही. प्रोग्राम मेलेला नसतो, नुसता बहिरा होतो.

आणि लॉग? हा प्रोग्राम प्रत्येक ओळ लिहायला लॉगची फाइल उघडतो, लिहितो, मिटतो. फाइल उघडायलाच बंदी, तर लिहिणार कुठे. आपण का अडलो हे सांगायचीही त्याला सोय राहिली नव्हती. लॉग कोणी पुसला नव्हता. तो लिहिलाच गेला नव्हता.

मी खूष होऊन सर्व्हरच्या खोलीत गेले आणि चालू प्रोग्रामच्या मर्यादा पडद्यावर आणल्या.

उघड्या फाइलींची मर्यादा: चार हजार शहाण्णव.

५

माझा सिद्धान्त दोन सेकंदांत भुईसपाट झाला. चार हजार मर्यादा असलेला प्रोग्राम हजारावर अडत नाही. दुपारचा एक वाजला होता.

कोटवाले माझ्या मागे येऊन उभे राहिले. "मी सांगितलं होतं ना, मॅडम. भरपूर लिमिट आहे."

मी दुसरा आकडा बघितला. आत्ता, या क्षणी, किती फाइली उघड्या आहेत? दोनशे अठ्ठ्याऐंशी. शेजारच्या खोलीत काचेतून बघितलं तर तिघीजणी बोलत होत्या आणि चार कॉल रांगेत होते, मिळून सात. एकवीस आणि सात, अठ्ठावीस. मग उरलेल्या दोनशे साठ कसल्या? मी यादी उघडली. सगळी रेकॉर्डिंगं. काल सकाळपासून जोडून दिलेल्या कॉलची, आणि एकही मिटलेली नाही.

"हे काय?" मी विचारलं.

कोटवाल्यांनी पडद्याकडे बघितलं आणि कोटाचं बटण लावलं. "तपासावं लागेल," ते म्हणाले.

म्हणजे विसरभोळेपणा खरा होता, फक्त मर्यादा जुळत नव्हती. आणि "काल सकाळपासून" हे शब्द माझ्या डोक्यात रुतून बसले. ताईंनी प्रोग्राम शनिवारी सुरू केला होता. मग शनिवार आणि रविवारच्या फाइली कुठे गेल्या? कोणीतरी काल, सोमवारी, तो पुन्हा सुरू केला होता. धडधाकट चालणारा प्रोग्राम, कारण नसताना.

मी अजून एक गोष्ट तपासली: हा प्रोग्राम सुरू कोणी केला. प्रत्येक प्रोग्रामला जन्म देणारा दुसरा एक प्रोग्राम असतो, आणि जन्मताना तो त्याच्याच मर्यादा घेऊन येतो. माझी भाची माझ्या घरी असली की दहाला दिवे बंद करते, स्वतःच्या घरी दोनपर्यंत जागते. मुलगी तीच, घर बदललं. हा चालू प्रोग्राम बटणातून जन्मला नव्हता. सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी गुरुजींनी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या हाताने तो सुरू केला होता.

मी ताईंना बोलावलं. शेजारच्या केंद्राशी बोलून दोन मिनिटांसाठी सगळे फोन तिकडे वळवले आणि त्यांना म्हटलं, "बटण दाबा. नेहमीसारखं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "लेखी देता?"

मी लेखी दिलं. त्यांनी बटण दाबलं, प्रोग्राम पुन्हा उठला आणि मी मर्यादा वाचली.

एक हजार चोवीस.

६

गुरुजी आधी शिकवण्या घेत असत, त्यावरून हे नाव. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, बोलणं हळू. केंद्रातलं प्रत्येक माणूस त्यांच्याबद्दल चांगलंच बोलत होतं. मी त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"नात झाली की नातू?"

"नात," ते म्हणाले, आणि क्षणभर हसले.

"गुरुजी, तुम्ही दर सोमवारी प्रोग्राम हाताने बंद करून हाताने सुरू करता?"

"नऊ वर्षं. सवय आहे."

"बटण असताना?"

"बटणावर माझा भरवसा नाही."

"बरोबर आहे. तुमच्या खात्यात फाइलींची मर्यादा चार हजार शहाण्णव आहे. तुम्ही सुरू केलं की प्रोग्रामला चार हजार, बटणाने किंवा वीज आल्यावर आपोआप सुरू झालं की एक हजार चोवीस. आठवड्याला बाराशे जोडण्या. चार हजारांत आठवडा आरामात निघतो, आणि सोमवारी तुम्ही पाटी कोरी करता. तुम्ही असेपर्यंत कोणाला काही कळायचं कारण नाही."

त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत. मी त्यांच्या खात्यातल्या त्या एका ओळीची छापील प्रत पुढे ठेवली. ओळ नऊ वर्षांपूर्वीची होती आणि तिच्यावर त्यांनीच शेरा लिहिला होता: तात्पुरतं. कॉल जोडल्यावर फाइल बंद होत नाही. कंपनीला कळवणे.

"कळवलंत?"

"तेव्हाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, चालतंय ना, मग आत्ता नको. मग चालतच राहिलं." त्यांनी चष्मा काढला. "नऊ वर्षांत मी तीन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नाही, मॅडम. का, ते घरी सांगता येत नव्हतं. या वेळी मुलगी रडली फोनवर. गेलो. सोमवारी निघायच्या आधी सुरू करून गेलो होतो. तीन आठवडे सहज निघाले असते."

"वीजदुरुस्ती आड आली."

"मला कोणी सांगितलंच नाही तिचं."

इथपर्यंत मला त्यांची दया येत होती. पण माझ्याकडे दुसराही कागद होता. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण दया आली की मी सावध होते.

"हे तुमच्या खात्यात काल सकाळी टाइप झालेले हुकूम. सात अडतीसला तुम्ही चालू प्रोग्रामची मर्यादा बघितलीत. एक हजार चोवीस दिसली असणार. म्हणजे शिंपी कशाने गेला हे तुम्हाला त्या मिनिटाला कळलं. सात चाळीसला तुम्ही प्रोग्राम पुन्हा सुरू केलात, आणि पुरावा गेला. तेव्हापासून दीड दिवस शेजारच्या खोलीत एका बाईवर खापर फुटत होतं. तुम्ही मूग गिळून बसलात."

गुरुजींनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला.

"टाइप केलेलं पुसता आलं असतं मला," ते म्हणाले. "काल तीनदा खाली बसलो पुसायला. नाही पुसलं. सांगायलाही गेलो होतो साहेबांच्या दारापर्यंत. आत कोटवाले बोलत होते, गुरुजी होते तोवर सगळं नीट होतं. ते ऐकून परत फिरलो."

मला त्यांचा भयंकर राग आला. आळशी माणसाचा येत नाही इतका कष्टाळू माणसाचा येतो कधीकधी.

७

पाचच्या बैठकीत मी सगळं मांडलं. जोडणीवहीतले आकडे, बटणाची मर्यादा, गुरुजींची ओळ. साहेबांनी टाइप केलेलं पत्र फायलीत सरकवून दिलं आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "म्हणजे हा जो एक हजार चोवीसचा आकडा आहे, तोच घातक ना? कोणी ठेवला इतका कमी?"

"अमर्याद करून टाकू," कोटवाले घाईने म्हणाले. "कटकटच नको."

"तुमच्या प्रोग्रामला खरी गरज किती?" मी विचारलं. "रांगेतले धरून एकावेळी जास्तीत जास्त चाळीस कॉल, वर एकवीस. एकसष्ट. एक हजार चोवीस म्हणजे गरजेच्या सोळापट. तो आकडा कमी नाही, चांगला ऐसपैस आहे. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा प्रोग्राम अडला तेव्हा तो आकडा ओरडून सांगत होता की इथे काहीतरी गळतंय. गुरुजींनी त्याचं तोंड दाबलं. अमर्याद केलंत तर फाइली साठत साठत एक दिवस सगळा सर्व्हर बसेल. फोन तर जातीलच, गाड्यांचे नकाशेही जातील. तेव्हा एकोणीस मिनिटांत काही पुन्हा सुरू होणार नाही."

"मग करायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"आधी विसरभोळेपणा दुरुस्त करा. तोवर चार हजार ठेवा, पण कोणाच्या खासगी खात्यात नाही. प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदीत, म्हणजे कोणीही सुरू केला तरी तेवढेच मिळतील. दुरुस्तीनंतर अडीचशे पुष्कळ झाले. आणि पाऊण भरलं की पाळीप्रमुखाच्या पडद्यावर लाल दिवा लागू दे. भिंतीवर आदळल्यावर मर्यादा कळण्यात अर्थ नाही, जवळ येतानाच कळली पाहिजे. एवढं यंत्राचं. माणसांचं तुम्ही बघा. पान बावीस सांगतं बटण दाबा, तुमचं पत्र सांगतं दाबू नका. एकोणीस मिनिटांतली सतरा तरी त्या पत्राची आहेत."

समितीतल्या एका वयस्कर बाईंनी ताईंकडून ते मनाईचं पत्र मागून घेतलं, वाचलं आणि स्वतःच्या फायलीला लावलं. गुरुजी उठून उभे राहिले आणि ताईंकडे तोंड करून म्हणाले, "माझं चुकलं. मला काल बोलायला हवं होतं."

"काल नाही," ताई म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी."

ताई निर्दोष असल्याचं लिहून सह्या झाल्या. नोकरी राहिली, नाव राहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं, निदान एक सुटकेचा श्वास तरी दिसेल म्हणून. त्या खुर्चीवरून उठून सरळ बाहेर गेल्या.

८

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर शिंप्याची बायको बसली होती. निकाल ऐकायला आली होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दारातच थांबले; चौकशी संपली होती, पण संशयी माणसाचे पाय तसे लवकर निघत नाहीत.

"मी त्या पाळीची प्रमुख," ताई म्हणाल्या. "समितीने मला सोडलंय. यंत्राचा दोष निघाला. पण तुम्हाला एक सांगायचंय, ते त्यांच्या कागदात नीट आलेलं नाही. फोन लागत नाहीत हे मला दुसऱ्या मिनिटाला कळलं होतं. सुरू कसे करायचे तेही माहीत होतं. मला मनाई होती, म्हणून मी थांबले. अठरा मिनिटं."

त्या बाईच्या ब्लाउजला अजून दोन टाचण्या टोचलेल्या होत्या, दुकानात सवयीने लावतात तशा.

"मला वाटत होतं मी नंबर चुकीचा लावतेय," ती म्हणाली. "घाबरले होते ना. अजून रात्री तेच वाटतं, की माझाच एखादा आकडा चुकत होता."

"नाही. तुमचा नंबर बरोबर होता."

"नक्की?"

"नक्की."

तिने पिशवीतून फोन काढला. एकेक आकडा ती सावकाश दाबत गेली, मोठ्याने म्हणत. आत, काचेपलीकडे, घंटा वाजली. एका मुलीने हात पुढे केला, पण तोवर ताई आत पोचल्या होत्या, त्यांनीच फोन उचलला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "रुग्णवाहिका केंद्र. बोला, काय झालंय?"

बाकावरच्या बाईने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि ती तशीच ऐकत बसली. ताईंनीही फोन ठेवला नाही.